वादळ गट, एक्क्याण्णव टक्के

ती. वन्सं यांस,

तुमच्या वहिनीचा नमस्कार. वयाने तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी लहान आणि नात्याने मानाच्या, त्यामुळे हा नमस्कार समजायचा की आशीर्वाद ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि ज्याचा कमी राग येईल ते ठेवून घ्या. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही. तुमचा दमा कसा आहे, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं का, आणि ती शेवटची दाढ अजून टिकून आहे का, ते कळवावं. (अकरा वर्षांत आपलं बोलणं नाही, तेव्हा मला जी दुखणी माहीत होती तीच विचारली. मधल्या काळात नवीन काही झालं असेल तर त्याचीही चौकशी केली असं समजावं.)

हे पत्र आमच्या समोरच्या दारातले कंपोझिटर लिहून घेत आहेत. गृहस्थांनी छत्तीस वर्षं छापखान्यात उभ्याने शिशाची अक्षरं जुळवली. मग छापखाना बंद झाला आणि अक्षरं भंगारात गेली. आता घरी बसून असतात. बसायचंच आहे तर माझ्यासमोर बसा, म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही सांगाल ते लिहीन, पदरचं एक अक्षर घालणार नाही. मी म्हटलं, घातलंत तरी मला कुठे कळणार आहे. तेव्हा या पत्रात एखादं वाक्य फार घडी घातल्यासारखं वाटलं तर ते त्यांचं, आणि चुरगळलेलं वाटलं तर माझं. (लिहिलंत का? लिहिलं म्हणतात.)

एक आधीच सांगून टाकते. कात्रीचा विषय मी काढणार नाही. तुमच्या भावाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्यांची कापड कापायची मोठी कात्री तुमच्या पिशवीत आपोआप जाऊन बसली त्यालाही तेवढीच झाली. पण ते काही मी काढणार नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तर झालं असं, की मी जिन्यात पडले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो हे तुम्हाला माहीत आहे, अठ्ठावन्न पायऱ्या. तुमचा भाचा शहरभर लिफ्टा दुरुस्त करत फिरतो आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिवसभर परक्या माणसांना वर-खाली पाठवायचं आणि संध्याकाळी धापा टाकत आईकडे चढून यायचं, असा त्याचा धंदा. मी दोऱ्याची रिळं आणायला खाली उतरत होते. (काजं करणं शिवणाच्या दुकानात थांबलं, हातातलं थांबलेलं नाही. जुन्या चादरींना काजं करत बसते. बटणं नाहीत, पण काजं आहेत.) दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय मुडपला आणि मी खाली बसले ती अडीच तास तशीच. दुपारची वेळ, सगळे कामावर, कंपोझिटर दाताच्या डॉक्टरकडे. दुखण्यापेक्षा कंटाळा जास्त आला, खरं सांगते. समोरच्या भिंतीला रंगाचा एक पोपडा आहे, तो आता मला तोंडपाठ झाला आहे.

शेवटी सूनबाई आली. ती इस्पितळात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. दिवसभर दुखऱ्या माणसांना नाव, वय, पत्ता विचारून तिच्याकडे घरी बोलायला शब्द शिल्लक राहत नाहीत. एकवीस वर्षं झाली तिला या घरात, पण आमचं सगळं बोलणं एकापुढे एक ठेवलं तर एका जेवणाच्या वेळेत संपेल. त्या दिवशी पिशवी ठेवली, माझ्याशेजारी पायरीवर बसली, बराच वेळ बसली, आणि मग मला काखेत धरून वर घेऊन गेली. सत्तावीस पायऱ्या. मध्ये थांबली नाही.

पुढच्या रविवारी तुमच्या भाच्याने घसा साफ केला. तो घसा साफ करतो तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं. म्हणाला, आई, एक जागा आहे. वयस्कर लोकांची निवास-संस्था आहे, तळमजला आहे, उशाला घंटा आहे, बटण दाबलं की माणूस येतं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, जाते. का म्हटलं, ते विचारू नका. कुणी आपल्याला बाहेर काढायच्या आत आपणच चपला घातलेल्या बऱ्या, एवढाच विचार. तो सुटल्यासारखा झाला, आणि मग सुटल्यासारखं झालं म्हणून ओशाळला. सूनबाई पाठमोरी भांडी घासत होती. भांडी संपली तरी नळ चालूच राहिला. पाणी वाया जातंय, म्हणून मीच सांगितलं.

आता ही संस्था मोठी शहाणी. एका खोलीत दोन बायका ठेवतात, आणि त्यांचं जमावं म्हणून आधी प्रत्येकीच्या स्वभावाची चाचणी घेतात. आपल्या वेळी माणसं आधी एका घरात येऊन पडायची आणि स्वभाव मागून कळायचे. (तुमचा मला तिसऱ्या दिवशी कळला.) या चाचणीत म्हणे आपली परीक्षा आपणच घ्यायची. बहात्तर वाक्यं असतात आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, पूर्ण सहमत इथपासून पूर्ण असहमत इथपर्यंत. आपण प्रामाणिकपणे खूण करायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी घरच्या माणसाने वाचून दाखवावं आणि सांगेल तिथे खूण करावी, असं वर लिहिलं होतं. घरचं माणूस म्हणजे सूनबाई. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती शिसपेन्सिल घेऊन बसली, मी समोर बसले, आणि आमचं एकवीस वर्षांतलं सगळ्यात मोठं संभाषण सुरू झालं.

पहिलंच वाक्य, अनोळखी माणसांत मिसळायला तुम्हाला आवडतं. मी म्हटलं, ते अनोळखी माणसावर आहे. मग मी तिला शाळेच्या गणवेशांच्या घाईच्या दिवसांत दुकानात आलेल्या त्या मुकादमाची सगळी गोष्ट सांगितली, त्याच्या कोटाला पाच काजं आणि सहा बटणं होती तिथपासून. तिने ऐकून घेतली आणि एक खूण केली. माझी गोष्ट दहा मिनिटांची आणि तिची खूण एवढीशी. दुसरं, तुम्ही कामाची आखणी आधीच करता. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं काजं केली. काज आधी कापायचं आणि मग भोवतीने दोरा बांधायचा. कापड एकदा कापलं की ते परत जोडून मिळत नाही, मग आखणी आधी करणार नाही तर कधी करणार. खूण. रागाच्या भरात तुम्ही वस्तू फेकता. म्हटलं, जन्मात एकदा बोटातलं अंगुस्तान फेकलं, तुझ्या सासऱ्यांना, आणि लागलं नाही. तिने मान वर करून विचारलं, एकदाच? एकदाच, म्हटलं. खूण. चूक झाली तर तुम्ही लगेच कबूल करता. म्हटलं, ताबडतोब करीन, अजून वेळ आली नाही. खूण. एक्केचाळिसावं होतं, तुम्ही घरात नसलात तर कुणाला तरी तुमची उणीव भासेल. मी म्हटलं, नाही म्हणून लिही, आणि चांगलं दाबून लिही. मुलगा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात, तुला तुझे दोन हात, उणीव कसली भासायची. तेव्हा ती पाणी प्यायला उठली. मोरीपाशी बराच वेळ लागला तिला. मग येऊन तिने खूण केली आणि पुढचं वाक्य वाचलं.

सही कुठे करायची म्हणून प्रश्न आला. अंगठा मी कधी दिला नाही हे तुम्हाला माहीत आहे, पगाराच्या पावतीवरसुद्धा दिला नाही. शाईचा अंगठा म्हणजे काही येत नाही याचा पुरावा. मला काज येतं. तेव्हा अर्जाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत नेहमीप्रमाणे काज घालून दिलं, लाल दोऱ्याचं. संस्थेच्या कारकुनाने फोन करून विचारलं म्हणे, की कागदाला टाका घातला आहे तो डॉक्टरांनी घातला का.

पंधरा दिवसांनी निकाल आला. स्वभावाचे चार गट आहेत, वन्सं. खडक, झरा, दिवा आणि वादळ. मी वादळ निघाले, शंभरात एक्क्याण्णव. लिफ्टच्या परीक्षेत तुमच्या भाच्याला कधी एवढे पडले नव्हते. या गटातल्या व्यक्ती हट्टी, चटकन भडकणाऱ्या, मनात धरून ठेवणाऱ्या आणि आपलाच हेका धरणाऱ्या असतात, सबब अर्जदार दोघींच्या खोलीस अयोग्य. एकटीची खोली संस्थेकडे नाही. भाचा वाचताना आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि नंतर त्याने मोबाइलवर स्वतःची चाचणी घेतली. तो झरा निघाला. तेव्हापासून घरात त्याच्याशी बोलायची सोय नाही. साधं मीठ मागायचं म्हटलं तरी समजूतदारपणे मागतो.

मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. अठ्ठ्याहत्तर वर्षं एका माणसाबरोबर राहिले, एक दिवस त्याच्यापासून लांब गेले नाही, आणि आता एक परकी संस्था सांगते की तो माणूस मला कळलाच नव्हता. मी स्वतःला झराच समजत होते हो. आता पाठीमागे बघते तर सगळं वेगळंच दिसतं. तुमचा भाऊ घरात फार बोलत नसे. मी समजत होते की माणूस समाधानी आहे. आता वाटतं, पाऊस थांबेपर्यंत माणूस कुणाच्या तरी पडवीत अंग चोरून उभं राहतं ना, तसे ते चाळीस वर्षं उभे होते. दुकानातल्या बायका आपापली मशीन हळूहळू माझ्यापासून खिडकीकडे सरकवत गेल्या. उजेडासाठी, असं म्हणायच्या. आणि पोटच्या पोराने कामसुद्धा असं धरलं की दिवसातले आठ तास त्याला कुणी हाक मारू शकत नाही. एकदा बसून हिशेब लावायला घेतलं की कुठेही बोट ठेवावं तिथे वारा सुटलेला दिसतो.

एक आठवडा मी गप्प राहून बघितलं. वादळ उठायलाच नको म्हणून. उत्तर द्यायचं तर मानेने द्यायचं. चौथ्या दिवशी भाच्याने डॉक्टर बोलावले. त्यांनी जीभ काढायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, स्वभाव. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या.

आता कामाचं. संस्थेने एक वाट ठेवली आहे. अर्जदाराला फार वर्षं जवळून ओळखणाऱ्या, पण एका घरात न राहणाऱ्या नातेवाइकाने तिच्या स्वभावाबद्दल पत्र द्यावं. ते दहा तारखेच्या आत आलं तर फेरविचार होईल. दोनच पलंग उरले आहेत. भाचा म्हणतो, आत्याला लिही. मी म्हटलं, आत्याच सापडली का? पण विचार केला, दुसरं आहे कोण. मला ओळखणारी जी होती ती गेली, आणि गेलेल्यांची पत्रं संस्था घेत नाही. तुम्ही माझ्याबरोबर एका चुलीवर नऊ वर्षं काढली आहेत आणि चौथीपर्यंत शिकल्याही आहात. तेव्हा झालं गेलं बाजूला ठेवून चार ओळी लिहाव्यात, की वहिनीचा स्वभाव झऱ्यासारखा आहे, तिचा कुणाला त्रास नाही, कुणाचं काही मनात ठेवत नाही. (कात्रीचा विषय मी या संपूर्ण पत्रात काढलेला नाही, हे उदाहरण म्हणून देता येईल.) पत्ता मागे लिहिला आहे. दम्याला जपावं, जिना असेल तर कठड्याला धरून उतरावं. पत्र खरंच माझं आहे की नाही अशी शंका आली तर खालचा कोपरा बघावा.

तुमची,
वहिनी

ता. क. वरचं काल झालं. पाकिटावर टाकायला संस्थेचा पत्ता नीट हवा म्हणून आज मी त्यांचा सगळा गठ्ठाच कंपोझिटरांकडे घेऊन आले. निकाल एकाच कागदावर होता. त्याच्यामागे टाचलेले पाच कागद आमच्या घरात कुणी उलटलेच नव्हते. (झरे पहिल्याच पानावर थांबतात.) उकडत होतं म्हणून मी ते पाच कागद हातात धरून वारा घेत बसले. मध्ये हात दुखला, ते टेबलावर ठेवले. कंपोझिटर समोरच्या बाजूला. दुसरा कुणी असता तर त्याला ते उलटे दिसले असते आणि विषय संपला असता. पण या गृहस्थांनी छत्तीस वर्षं अक्षरं उलटीच वाचली आहेत, त्यांना सुलटं वाचायलाच वेळ लागतो. ते म्हणाले, आजी, तुम्ही वारंवार वस्तू फेकता का हो? मी म्हटलं, एकदा, अंगुस्तान. ते म्हणाले, तुमच्या चाचणीच्या या कागदावर तर पूर्ण सहमत आहे.

मग मी त्यांना बहात्तरच्या बहात्तर वाचायला लावलं. ते वाक्य वाचायचे, मी काय सांगितलं होतं ते सांगायची, आणि ते खूण कुठे आहे ते सांगायचे. बहात्तरपैकी चारच माझी निघाली, बाकी सगळी तिने फिरवून ठेवली आहेत. मी म्हटलं माणसं आवडतात, तिने लिहिलं नाहीत. मी म्हटलं तडजोड करते, तिने लिहिलं कधीच नाही. वन्सं, मी म्हटलं, एकवीस वर्षं ही बाई मला अशी बघत होती, आणि सांगायला तिला चौकटी मिळाव्या लागल्या. कंपोझिटरांच्या चष्म्याची डबी हाताशी होती, ती फेकायचीच राहिली. मग ते एक्केचाळीसवर आले, आणि वाचायचे थांबले. उणीव भासेल, पूर्ण सहमत, म्हणाले. इथे खूण दोनदा केली आहे आणि पेन्सिल कागदातून आरपार गेली आहे. छापखान्यात असतं तर आम्ही हे जाड टायपात घेतलं असतं. मी कागदावरून बोट फिरवून बघितलं. भोक आहे. काजाला कापते तेवढंच.

संध्याकाळी सहाला ती आली. मी पायऱ्या मोजल्या, अठ्ठावन्न. तिने विचारलं, गोळी घेतली का. मी म्हटलं, घेतली. एवढंच बोलणं झालं.

दुसरा ता. क. तेव्हा वर जे मागितलं आहे ते रद्द समजावं. पत्र मात्र दहाच्या आत नक्की पाठवावं, नाहीतर भाचा पुन्हा खटपट करील, आणि त्यात लिहावं की चाचणीचा निकाल अक्षरशः खरा आहे. वहिनी वादळच आहे, एक्क्याण्णव कमीच पडले. अंगुस्तानाचं लिहा. तुमच्या आईंशी मी सव्वा महिना बोलले नव्हते ते लिहा. दुधाचं पातेलं आपटलं होतं, त्याला पोचा आला होता, तो अजून असेल तर पुरावा म्हणून कळवा. एका कात्रीवरून अकरा वर्षं नणंदेशी बोलणं टाकलं, हे तर पहिल्या ओळीत घ्या. तुम्हाला फार खोटं लिहावं लागेल असं मला वाटत नाही, आणि वन्सं, हे काम तुमच्याइतकं मनापासून दुसरं कुणी करणार नाही. भाच्याला यातलं काही कळवू नका. झरा आहे, चारचौघांत पाझरेल. सूनबाईलाही नको. तिला वाटू दे की तिचं तिनेच जमवलं. पायाचं म्हणाल तर तो काही पूर्वीसारखा होणार नाही. पुन्हा पडले तर पुन्हा बसेन. कंपोझिटर अकराला आणि तीनला दार वाजवतो म्हणाले आहेत, आणि अडीच तास मला जमतात. सहाला कुणीतरी येतंच.

तिसरा ता. क. हे सांगताना कंपोझिटरांनी दोनदा पेन खाली ठेवलं, पण कबूल केल्याप्रमाणे लिहीत आहेत. कात्री तुम्ही नेली नव्हती. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हा मीच ती तुमच्या पिशवीत घातली, कपड्यांच्या खाली. खिळ्यावर टांगलेली असायची. मुठीला तुमच्या भावाने चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. येता-जाता दिसायचा. माझ्याने बघवेना आणि टाकवेना. तुम्ही घेऊन जा हो, असं तोंडाने म्हणायचं होतं, ते काही झालं नाही. मग तुमचं पत्र आलं, की कात्री पिशवीत आपोआप आली, मी घेतली नाही. घरातले सगळे हसले. पहिली मी हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मग एक वर्ष गेलं, आणि एक वर्ष उशिरा सांगायला तोंड होईना, आणि पुढची दहा तशीच गेली. चूक झाली तर लगेच कबूल करता, या वाक्यापुढे सूनबाईने पूर्ण असहमत केलं आहे. फिरवलेल्या अडुसष्ट खुणांमध्ये ती एक तिने बरोबर केली.

हे संस्थेला लिहू नये, हे तुमच्यापुरतं. कात्रीला गंज चढला असेल तर दगडावर घासून वापरायला घ्या, परत पाठवू नका. मुठीवरची चिंधी मात्र सोडू नका.